आवाज दिला होता

आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा मरोद्याच्या लाइनीबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. अमरावतीकडचं गाव लिहिलं, बाबांच्या मागे भिलाईला आलो ते लिहिलं, मग एकदम माझी पक्की नोकरी, लग्न, सेक्टरमधलं क्वार्टर. बायकोनं सगळं वाचलं आणि विचारलं, "आन मरोदा?" मी म्हणालो, तिथं सांगण्यासारखं काही झालं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला निघून गेली. लाइनीतल्या कोणाची कधी गाठ पडली की मी विषय बदलतो, लग्नात लांबच्या पंगतीत बसतो, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं आहे. जे होते त्यांतले बहुतेक आता गेले. त्यामुळे खरं सांगितलं तर कोणाचं नुकसान होईल, ही सबबही माझ्याकडे उरलेली नाही.

लाइन म्हणजे समोरासमोर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा आणि मधून वाहणारं गटार. एका ठेकेदारानं मजुरांसाठी बांधलेल्या त्या खोल्यांत भंडारा, नागपूर, अमरावतीकडची आमचीच माणसं होती. गावात पाटलाच्या विहिरीवर चढू न दिलेली, इथं स्वतःच्या नळावर भांडणारी. या गोष्टीचा आम्हाला फार अभिमान होता. टोकाला विहार होता, तोही पत्र्याचाच, पण त्याला निळा रंग दर वर्षी नवा लागायचा. सकाळ कारखान्याच्या भोंग्यानं व्हायची. भोंग्यापाठोपाठ सायकलींच्या चेनी, कोळशाच्या शेगड्यांवर फुंकर घालणाऱ्या बाया, आणि वाऱ्याची दिशा फिरली की कोक भट्टीचा तो सडक्या अंड्यासारखा वास. माय ज्वारीची भाकर थापायची. तांदूळ इथं मुबलक, पण बाबांना भातानं पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांचं पातळ कालवण, सुकट भाजून त्यावर तिखट आणि तेल, आणि हिवाळ्यात भाजलेले शिंगाडे. वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबूस धूळ बसायची. माय कपडे झटकायची तेव्हा ठेकेदाराला, वाऱ्याला आणि बाबांना एकाच दमात शिव्या द्यायची.

लाइनीच्या मागे चार न्हाण्या होत्या. बायांच्या वेगळ्या, बाप्यांच्या वेगळ्या असं काही नव्हतं. विटांच्या भिंती, वर उघडं, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी पत्र्याची दारं. एका सकाळी लाइनीतले मारोतीबुवा आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांना मिरगी यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. आतून कडी. हाका मारून झाल्या, भिंतीवरून चढायचा प्रयत्न झाला, शेवटी कोणीतरी सब्बल, म्हणजे पहार, आणली. दार उचकटलं तेव्हा नळ चालूच होता आणि बुवा मोरीच्या पाण्यात पालथे पडलेले होते. बादलीभर पाण्यात माणूस बुडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या रविवारी वंदनेनंतर पंचांनी ठरवलं की न्हाण्यांना आतून कडी ठेवायची नाही. पंचांत लहानूकाका मुख्य होते, आणि माझे बाबाही होते. जाणाऱ्यानं बाहेरून टाळी वाजवायची, "कोन हाये?" म्हणून आवाज द्यायचा, आत असेल त्यानं "हाये" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर दार उघडायचं. न जाणो, कोणी पडलं असेल. निर्णय वाईट हेतूचा नव्हता, हे मी आजही सांगेन. पण त्या सभेत बाया मागे बसल्या होत्या आणि त्यांना कोणी विचारलं नाही. मी नुकताच आयटीआय करून एका वर्कशॉपात फिटरचं काम शिकत होतो. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे होता. मीच कड्या काढल्या आणि कोणी परत लावू नये म्हणून कोयंडेही काढले. दोरी बांधायलाही काही उरलं नाही. काम सफाईदार झालं म्हणून लहानूकाकांनी पाठ थोपटली. घरी माय म्हणाली, "अंगावर पानी घेऊ का दारावर नजर ठेवू, थे सांग." बाबा म्हणाले, "तू जिवंत राह्यजो, बस." मला तो विनोद आवडला होता.

समोरच्या रांगेत यमुनावहिनी राहायच्या. त्यांचे मालक देवाजी बाबांबरोबर कामाला होते, पण वयानं माझ्या मोठ्या भावासारखे, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊजी. त्या स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, फोडायच्या क्रशरवर रेजा होत्या, म्हणजे टोपल्या वाहणारी मजूर बाई. लाइनीतल्या अर्ध्या बाया तिथंच कामाला होत्या आणि त्यांचा मुकादम आमच्याच लाइनीत राहायचा. वहिनी हसायच्या फार, पण इतरांपेक्षा क्षणभर उशिरा. लोक म्हणायचे, जरा घमेंडी आहे, हाक मारली तरी वळत नाही.

मला खरं कळलं ते शेगडीमुळे. मायनं दिलेली वाटी परत करायला गेलो होतो. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि पदराचं टोक निखाऱ्याला लागून धुमसत होतं. मी दारातून ओरडलो, "वहिनी, पदर!" त्या शांतपणे भाजी ढवळत राहिल्या. मी पुन्हा ओरडलो. शेवटी धावत जाऊन पदर ओढला तेव्हा त्या किंचाळल्या, मग जळका पदर पाहून खाली बसल्या. तो मुठीत धरून म्हणाल्या, "भाऊजी, कोनाले सांगजा नका."

"काय?"

"मले ऐकू येत नाई. त्या मशिनीनं गेले कान. समोर असलं तं तोंड पाहून समजते."

"दादाले मालूम हाये?"

"त्याहिले मालूम हाये. मुकादमाले समजलं तं उद्याच घरी बसवन. मागून डंपर येते, तिथं बहिरी बाई कोन ठेवते?"

डंपर आला की त्या सावली बघून बाजूला होत. धुळीत उन्हाची तिरीप कशी सरकते ते त्यांनी मला हातानं करून दाखवलं आणि हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "डंपरची सावली दिसते. न्हानीत काय दिसते? टाळी वाजली का नाई, मले काय समजन? तुमी सकाळी नळावर असता. माह्या टाइमाले तेवढं दाराकडं पाहजा. कोनी आलं तं सांगजा, आत मी हाये म्हनून."

मी हो म्हणालो. कड्या मीच काढल्या होत्या. मग रोज सकाळी मायचे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरताना मी त्यांच्या न्हाणीच्या दारासमोरचा नळ धरू लागलो. कोणी आलं की, "वहिनी हाये आत." एवढंच काम. त्या न्हाऊन निघाल्या की मान हलवून जायच्या. कधी दुपारी चिंच आणि मीठ घालून कुटलेला बोरकूट पाठवायच्या.

परवा नात नवा ड्रेस घ्यायला मला मॉलमध्ये घेऊन गेली. कपडे घालून बघायच्या खोलीत शिरताना तिनं आधी कडी ओढून पाहिली, आरशाला बोट लावून पाहिलं, कोपऱ्यांत मोबाइलचा उजेड फिरवला, मग म्हणाली, "आजोबा, इथंच उभे राहा, हटना मत." मी उभा राहिलो. माझ्यासारखे आणखी बाप आणि नवरे हातात पिशव्या धरून उभे होते, आणि कोणी त्यांना हसत नव्हतं. माझ्या वेळी हसत होते. एवढ्यानं माझा गुन्हा कमी होत नाही, पण तो कसा झाला ते यावाचून सांगता येत नाही.

हसणाऱ्यांत पुढे होता शालिक, लहानूकाकांचा मेहुणा. तिशीचा, लग्न मोडलेला, केसांना तेल, खांद्यावर टॉवेल, आणि लाइनीतल्या प्रत्येक बाईबद्दल एक तरी वाक्य तयार. विहाराच्या पायरीवर पोरं जमायची. मी गेलो की सुरू.

"आला, आला, न्हानीचा चौकीदार आला."

"काय बे रम्या, पगार काय भेटते? का नुसतं दर्शनच?"

"बोरकूट भेटते म्हने!"

मी काही दिवस हसण्यावारी नेलं. मग एक दिवस शालिक म्हणाला, "तुह्या मायले सांगू काय, पोट्टा कोनाच्या दारापाशी उभा राह्यते थे?" पोरं खो खो हसली.  आणि मी म्हणालो, अगदी आवाज चढवून म्हणालो, "अबे, तिले ऐकू येत नाई म्हनून उभा राह्यतो. टाळी ऐकू नाई येत तिले. दुसरं काई नाई."

पोरांचं लक्ष नव्हतं. कोणीतरी भलतीकडेच काही बोललं आणि सगळे तिकडे वळले. शालिक मात्र हसायचा थांबला. "अस्सं?" म्हणाला. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि स्वतःची विडी मला ओढायला दिली. मी ती ओढली. त्या विडीची चव मी अजून विसरलेलो नाही, आणि ती मला तेव्हा आवडली होती हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर मी दारासमोरचा नळ सोडला. पलीकडचा धरला. वहिनींना सांगितलं नाही. त्यांना वाटत राहिलं की मी आहे.

ती सकाळ थंडीची होती. नळावर मी एकटा होतो, गुंड भरत होतो. वहिनी आत गेलेल्या मी पाहिल्या होत्या. शालिक आला. त्यानं चारी दारांकडे पाहिलं नाही, थेट त्याच दारापाशी थांबला. माझ्याकडे वळून पाहिलं. मग जोरात टाळी वाजवली, एवढी जोरात की खोल्यांपर्यंत ऐकू जावी. "कोन हाये जी?" आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेरून स्पष्ट ऐकू येत होता. तो थांबला, पुन्हा टाळी वाजवली, पुन्हा विचारलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी "वहिनी हाये आत" म्हणायला हवं होतं. रोज म्हणायचो, तेच तीन शब्द. माझा गुंड भरून वाहायला लागला होता आणि मी वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिलो. त्यानं दार ओढलं.

किंकाळी सगळ्या लाइनीनं ऐकली. पाठोपाठ पितळेचा लोटा त्याच्या कपाळावर बसला. बाया धावत आल्या, माय आली, तिनं अंगावरचा शेला काढून वहिनींवर टाकला. शालिक कपाळावर टॉवेल धरून ओरडत होता, "आवाज देल्ला ना मी! दोनदा देल्ला! रीतीनं देल्ला! इचारा या पोट्ट्याले!"

संध्याकाळी विहारात सभा भरली. रक्त शालिकचं निघालं होतं, म्हणून फिर्याद त्याची. वहिनी पुढे बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, शेजारी देवाजी मान खाली घालून. मुकादम दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. मला मध्ये उभं केलं. वहिनींनी पदर मागे सारला आणि डोळे माझ्या तोंडावर लावले. लोकांना ते निर्लज्जपणाचं वाटलं. मला माहीत होतं त्या ऐकत आहेत.

लहानूकाका म्हणाले, "खरं सांग बाबू. यानं आवाज देल्ला होता का?"

"देल्ला होता."

"किती डाव?"

"दोन डाव."

"मंग यमुनाबाईनं जबाब देल्ला?"

इथं मी थांबलो. एवढं सांगायचं होतं की त्यांना ऐकू येत नाही, आणि शालिकला ते माहीत आहे, आणि ते त्याला मी सांगितलं आहे. तीनही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. पहिली ओढली की तिसरी बाहेर येणार. मी दाराजवळच्या मुकादमाकडे पाहिलं आणि मनाशी म्हणालो, बोललो तर वहिनींचं काम जाईल. हे कारण मला फार सोयीचं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्याच आडोशाला राहिलो.

"नाई," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्या ओठांवरून तो शब्द वाचला. त्यांनी पदर पुन्हा पुढे ओढला आणि त्यानंतर कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. पुढचं सगळं त्यांच्या पाठीमागे बोललं गेल्यासारखंच झालं. लहानूकाकांची बायको म्हणाली, "जिले लाज असते तिचं तोंड वाजते." कोणी म्हणालं, "जबाब न देनं म्हंजे बोलावनंच झालं." कोणी म्हणालं, हिला हाक मारली तरी वळत नाही, आधीपासून अशीच आहे. त्यांच्याच बरोबर टोपल्या वाहणाऱ्या बाया हे बोलत होत्या. देवाजी एकदा उठले, मुकादमाकडे पाहिलं, आणि खाली बसले. बाबांनी विचारलं, "दोनदा आवाज देल्ला, मंग तिसऱ्यांदा थांबाले काय झालं होतं?"  ठरलं ते असं: शालिकचा दोष नाही, यमुनाबाईनं यापुढे सगळ्यांचं झाल्यावर न्हाणीत जावं.

घरी मायनं ताट वाढलं. माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात विचारलं, "रमेश, तिले ऐकू येत नाई का रे?"

मी म्हणालो, "मले काय मालूम."

सभेत मी खोटं बोललो नव्हतो. हे मात्र खोटं बोललो.  त्या दिवसापासून माय स्वतः नळावर जायला लागली. गुंड मला उचलू देईना.

लाइन वहिनींच्या मागे लागली ती सोडेना. त्या नळावर आल्या की बाया भांडी उचलून घेत. पोरं त्यांच्या खोलीवरून जाताना टाळी वाजवत आणि ओरडत, "कोन हाये?" त्यांना ऐकू येत नव्हतं, हे एक बरं होतं असं मी स्वतःला सांगत असे. पण देवाजींना ऐकू येत होतं. थंडी सरायच्या आत त्यांनी हातगाडीवर सामान लादलं आणि दुर्गला, बोरसीकडे भाड्याच्या खोलीत गेले. निघताना वहिनी आमच्या दारात आल्या. मायच्या पाया पडल्या. मी आत पलंगावर पडून झोपेचं सोंग घेतलं होतं. पुढे पावसाळ्यात शालिकनं दुसऱ्या एका बाईचं दार ओढलं. तिचा नवरा मुकादमच होता. दुसऱ्याच दिवशी चारी न्हाण्यांना कड्या लागल्या. कड्या लावायला मलाच बोलावलं. मी गेलो आणि लावल्या.

नंतरचं आयुष्य मी इतरत्र लिहिलं आहे. नोकरीत मला सुरक्षेच्या कमिटीवर घेतलं होतं. हेल्मेट, बूट, क्रेनखाली उभं राहू नका, हे सगळं मी पोरांना तळमळीनं शिकवलं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहायचो, आणि लोकांना वाटायचं माणूस फार बारकाईनं काम करतो. बोरसी सेक्टरपासून किती लांब? स्कूटरवर बसलं की चहा निवायच्या आत पोचतो. मी तिकडे कधी गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात गेलो. देवाजी वारल्याचं एका लग्नात कळलं होतं, घर कुठं आहे तेही. बोळात लागून लागून घरं होती, दारांत बाया लसूण सोलत, वाटाणे सोलत बसल्या होत्या. सुनेनं दार उघडलं. मी म्हणालो, मरोद्याचा आहे, जुनी ओळख आहे. "या ना अंकल," ती म्हणाली. वहिनी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग वाळून गेलं होतं. डोळ्यांवर पांढरट साय आली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तोंड त्यांच्याकडे करून, जसा तेव्हा उभा होतो. त्यांची नजर माझ्यावरून भिंतीकडे गेली.

"आईंना आता दिसत नाही जास्त," सून म्हणाली. "पहले होठ देख के समझ लेती थी, आता तेही नाही. कानात जोरात ओरडावं लागतं. नाव काय सांगू?"

मी नाव सांगितलं. तिनं वाकून, हाताचा द्रोण करून ओरडून सांगितलं, "मरोदा वाले रमेश आए हैं!" बोळातलं बोलणं क्षणभर थांबलं.

 वहिनी भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "दार वाजवून आला का थो?"

सून हसली. "सबको यही पूछती है. मलासुद्धा. मनावर घेऊ नका."

मी खुर्चीवर बसलो. जे सांगायचं ते मी वाटेत स्कूटरवर म्हणत आलो होतो. मी वाकलो आणि त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती." त्यांनी कानावरची माशी हाकलावी तसा हात हलवला.

"ऐसे नहीं सुनाई देगा अंकल," सून म्हणाली. तिनं ऐकलं नव्हतं, ती पाण्याचा पेला भरत होती. "काय बोलायचं ते मला सांगा, मी सांगते. पण ओरडावं लागतं, पूरी गल्ली सुनती है, काही खासगी नाही ना?" आणि ती खाटेवर बसली, त्यांच्या कानाशी हाताचा द्रोण धरून माझ्याकडे बघू लागली. उघड्या दारातून लसूण सोलणाऱ्या बायाही आत बघत होत्या. भरल्या विहारात मी जे बोललो होतो ते सगळ्या लाइनीनं ऐकलं होतं. माफी मात्र मला कानात सांगून निघून जायचं होतं.

"बोलो ना अंकल," ती म्हणाली. "क्या बोलूं?"

माझे ओठ हलले. मग मी म्हणालो, "विचारा, तब्येत कशी आहे."

तिनं ते ओरडून विचारलं. सगळ्या बोळानं ऐकलं.